विंगेतलं फावडं

हे गेल्यानंतर चौथ्या महिन्यात नाटकाच्या मंडळातून दोघं घरी आले. एक दिग्दर्शक, नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याची टूलरूम सांभाळणारा पन्नाशीचा गृहस्थ. दुसरी मावशी. मावशी त्याच कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटते आणि संध्याकाळी मंडळाचा कपडेपट बघते; म्हणजे पोशाख, तुटलेले हूक, हरवलेले जोडे आणि रुसलेले नट. माझे यजमान तिथेच फिटर होते. नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतर, मिळून पस्तीस वर्षं त्यांनी या हौशी मंडळाच्या नाटकांची मागची बाजू सांभाळली. मंडळात ते सगळ्यांचे मामा, म्हणून मी मामी. मावशी मात्र मला बाई म्हणते, कारण तिची मुलगी शाळेत माझ्या वर्गात होती.

चहा झाला तरी कोणी विषय काढेना. शेवटी दिग्दर्शकच म्हणाला, "मामी, स्पर्धेचा प्रयोग अठरा दिवसांवर आलाय. मामांच्या जागी उभं राहायला तुम्ही मावशींना जरा समजवा."

"मला काय समजवायचं?" मावशी म्हणाली. "मी कुठं न्हाई म्हनले?"

"अट घालून हो म्हणायचं म्हणजे नाहीच की."

"अट येकच हाय. मामा फावड्यापाशी काय बोलायचे त्ये मला कळाया पायजे. त्याबिगर मी विंगंत हुभी ऱ्हानार न्हाई."

"अहो, म्हणा काहीतरी. गणपतीचं नाव घ्या. कोण ऐकतंय?"

"मामा उगंच कायबी करत नव्हते. सुतळीची गाठ मारायची तरी कारन आसायचं. त्ये बोलनं कामाचं आसंल तर? मी गनपतीचं नाव घ्यायची अन् पडदा मधीच अडकायचा. मग तुमीच म्हनाल, मावशीला न्हाई जमलं."

दिग्दर्शकाने माझ्याकडे पाहिलं. नवीन नाटकात नऊ प्रवेश होते. कुठली खुर्ची कधी उचलायची, कुणाला कोणत्या बाजूने आत सोडायचं, दिवा गेल्यावर किती श्वास थांबायचं, हे सगळं यांच्या डोक्यात होतं आणि यांच्याबरोबर अकरा वर्षं राबलेल्या मावशीच्या डोक्यात. तिसऱ्या कोणाच्या नाही. मावशी उभी राहिली नाही तर मंडळाला स्पर्धेतून नाव मागे घ्यावं लागलं असतं.

"मामी, तुम्हाला तर माहीतच असेल," तो म्हणाला. "तुम्ही त्याच्यावर लिहिलंय सुद्धा."

मी लिहिलं होतं, हे खरं. पण यांचे शब्द मला माहीत नव्हते. तसं सांगायला लाज वाटली. "बघते," एवढंच म्हणाले.

आता त्या फावड्याबद्दल सांगायला हवं. आमच्या मंडळाच्या प्रत्येक प्रयोगाला, नाटक कसलंही असो, उजव्या विंगेत पडद्याच्या दोराजवळ एक फावडं असायचं. शेतात पाण्याचे बांध घालायला वापरतात ते, बाभळीच्या दांड्याचं. दिवाणखान्यातलं विनोदी नाटक असलं तरी सोफ्याच्या पलीकडे विंगेत, प्रेक्षकांना दिसणार नाही असं, ते उभं. तिसऱ्या घंटेच्या आधी हे चपला काढून तिथे जात, फावड्याचं पातं जमिनीवर टेकवत, पात्यावर उजवा पाय ठेवत, दांडा एकदा हलवून बघत आणि पुटपुटत काहीतरी म्हणत. मग नट एकेक करून दांड्याला हात लावून नमस्कार करत आणि आपापल्या जागी जात. त्यानंतरच घंटा.

बाहेरच्या मंडळातले लोक विचारायचे, हे काय? आमचे नट प्रत्येकी वेगळं सांगायचे. कोणी म्हणे, मामा शेतकरी घरातले, कुणबिकीचं दैवत आहे त्यांचं. कोणी म्हणे, दृष्ट लागू नये म्हणून लोखंड. एका हुशार मुलीचं म्हणणं होतं की कामगारांचं मंडळ आहे, म्हणून हत्यारपूजा. यांना विचारलं तर हसत आणि खिळ्यांचा डबा शोधायला लागत.

मला अशा गोष्टींचं मूळ शोधायचा नाद आहे. मराठी शिकवत आयुष्य गेलं, तिथून लागलेली सवय. नाटकाच्या मागच्या बाजूला तर मूळ माहीत नसलेल्या गोष्टींचा ढीग असतो. घंटा तीनच का? पहिली प्रेक्षकांसाठी, दुसरी नटांसाठी, असं सांगणारे भेटतात; तिसरी कुणासाठी ते मात्र प्रत्येकजण वेगळं सांगतो. रंगपट आणि कपडेपट या शब्दांमध्ये पट कसा आला? पूर्वी चार बांबूंना कापड गुंडाळून आत तोंडं रंगवत असतील, असा माझा अंदाज; पुरावा नाही. प्रत्येक जुन्या पडद्याला डोळ्याच्या उंचीवर बोटभर भोक असतं आणि ते कोणी पाडलं हे कधीच कोणी कबूल करत नाही. हे सगळं मी एका वहीत टिपून ठेवते. हे त्या वहीला माझा कपडेपट म्हणायचे.

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघाली तेव्हा फावड्यावरचा लेख माझ्याकडे आला. मी पाच-सहा महिने वाचत होते. जुन्या संस्कृत नाट्यपरंपरेत जर्जर नावाचा एक खांब असतो. पहिल्या नाटकात असुरांनी विघ्नं आणली तेव्हा इंद्राने आपल्या ध्वजाच्या काठीने त्यांना झोडपलं, आणि पुढे ती काठी रंगभूमीचं रक्षण करणारी म्हणून पुजली जाऊ लागली, अशी कथा. मला ते इतकं चपखल वाटलं! लांब दांडा, पडद्याजवळची जागा, प्रयोगाआधीचा विधी. खेड्यात इंद्राच्या ध्वजाचं फावडं झालं असणार, असं मी सहा पानं लिहिलं. एकच गोष्ट बसत नव्हती. पूजेच्या वस्तूवर कोणी पाय ठेवतं का? त्यावर मी असं लिहिलं की तो पाय म्हणजे विघ्नांवर मिळवलेल्या विजयाची खूण.

लेख यांना वाचायला दिला. यांनी चष्मा लावून, मला वाटतं दोनदा, वाचला. "छान लिहिलंयस," म्हणाले. मग थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारलं, "तो इंद्राचा खांब रोवत होते का नुसता टेकवत होते?"

"रोवत असतील. का?"

"काही नाही. टेकवला तर पडेल ना."

"आणि तुम्ही पुटपुटता काय ते सांगा की. लेखात घालते."

"काही नाही गं. कामाचं बोलतो."

मला ती थट्टा वाटली.

मंडळी येऊन गेली त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस मी यांच्या वह्या पाहिल्या. प्रत्येक नाटकाची एक वही, पेन्सिलीने आखलेली; नव्या नाटकाची अर्धवट राहिलेली. खुर्ची डावीकडे. दिवा जातो, चार श्वास. पाण्याचा तांब्या भरलेला हवा, रिकामा आवाज करतो. प्रत्येक वहीच्या पहिल्या ओळीवर "फावडं" एवढंच, पुढे काही नाही. वह्या ठेवायला कपाट उघडलं तेव्हा माझं लक्ष फळीच्या स्क्रूंकडे गेलं. आठही स्क्रूंच्या खाचा उभ्या. मग मी घरभर फिरून बघितलं. दारांच्या बिजागऱ्या, पंख्याचं बटण, आरशाची चौकट: यांनी बसवलेल्या प्रत्येक स्क्रूची खाच उभी, एका रेषेत. त्यात धूळ साचत नाही म्हणून, की एखादा ढिला झाला तर लगेच कळावा म्हणून, हे आता विचारता येणार नव्हतं. सदतीस वर्षं त्या घरात राहून मला ते दिसलं नव्हतं.

मावशी म्हणते ते खरं होतं. हे उगाच काही करत नव्हते. मग फावडं तरी उगाच कसं असेल?

यांचं गाव पुणतांबा. आईवडील गेल्यावर तिथे घर उरलं नव्हतं, पण वर्षातून एकदा हे एकटेच जाऊन येत. जत्रा असते म्हणून जातात, एवढंच मी धरून चालले होते. तिथे यांचा एक बालमित्र आहे, यांच्याहून दोन वर्षांनी मोठा. दिवसकार्याला आला होता, पण तेव्हा बोलण्याची वेळ नव्हती. मी त्याच्या मुलाला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत बसले. बेलापूर गेलं की दोन्ही बाजूंना ऊस दाटत जातो, ते मी फार वर्षांनी पाहत होते.

भाऊजी, म्हणजे हे मित्र, पेरूच्या बागेच्या कडेला घरापुढे खाटेवर बसले होते. त्यांच्या बायकोने पाणी आणलं, माझ्या हाताला धरून थोडं रडली, आणि मग डोळे पुसून म्हणाली, "बरं झालं आल्या. हे म्हातारं औंदा बोलतच न्हाई."

मी आल्याचं कारण सांगितलं. फावड्यापाशी हे काय म्हणायचे? ऐकून भाऊजी खांदे हलवून हसायला लागले.

"त्यानं तुमाला सांगितलंच न्हाई? इतक्या वरसात?"

"नाही."

"आगं, वहिनींचा त्यो कागुद आन," ते बायकोला म्हणाले. तिने आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली स्मरणिका आणली. माझ्या लेखाच्या पानाला कोपरा दुमडलेला. "ह्यो वाचून दावला हुता त्यानं हितंच बसून. आमचं फावडं पार इंद्रदेवाच्या दारात गेलं म्हनत हुता. वहिनी, राग मानू नका, पर लई हसलो आमी."

माझे कान तापले. शाळेत चुकीचं शिकवताना पकडल्यासारखं. "ते पण हसले?"

"पयल्यांदा हसला. मग गप झाला. मी म्हनलं, आरं, खरं काय त्ये सांग की तिला. तर म्हनला, तिनं येवढं धुंडाळलंय, आता मी सांगितलं तर तिचं छापलेलं खोटं पडंल. ऱ्हाऊ दे. खांबाची गोष्टबी ब्येस हाय."

"मग खरं काय आहे?"

"खरं म्हंजी," भाऊजी पाय वर घेऊन बसले, "ह्या माणसानं माजी आई मारली."

"काय सांगताय!"

"मी आई हुतो," ते म्हणाले. बायको तोंडाला पदर लावून हसली. "आवो, नाटकात! जत्रंच्या नाटकात बायका कुठनं आनायच्या? मिशा फुटल्या नव्हत्या नीट, म्हनून मला आई क्येलं. तुमचा नवरा पडद्यावर."

त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. हे तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे. गावात दरवर्षी जत्रेला गावकऱ्यांचंच नाटक व्हायचं. रंगमंच म्हणजे शाळेपुढच्या पटांगणात उभी केलेली फळ्यांची माची. विंगेला ते आडोसा म्हणत, कारण ती बांबूच्या तट्ट्यांचीच असायची. पडदा गुंडाळीचा, खालच्या कडेला जाड बांबू शिवलेला. दोर ओढला की बांबूभोवती गुंडाळत वर जायचा, सोडला की धाडकन खाली. पडदा वर असेपर्यंत दोर कुठेतरी पक्का बांधून ठेवायला लागायचा. त्या वर्षी मागच्या बाजूला कालव्याच्या चारीचं पाणी पाझरलं होतं. काळी जमीन भिजलेली, खुंटी ठोकली की उपटून यायची. पहिल्या अंकात पडदा दोनदा हातभर खाली आला.

"मग ह्यानं डोकं चालवलं," भाऊजी म्हणाले. "आडोशाला कुनाचं तरी फावडं टेकवल्यालं हुतं. लोकं शेतातनंच यायची ना नाटकाला. ह्यानं त्ये घेतलं, पातं जमिनीत घातलं, वर पाय दिऊन खोल दाबलं, अन् दांड्याच्या बुडाशी दोर आवळला. फावड्याचं पातं आडवं, ओढ बसंल तसं आजून रुततंय. लई भारी युगत! पर येक ईसरला."

"काय?"

"ईचारलंच न्हाई, फावडं कुनाचं."

फावडं होतं चारीच्या शेवटच्या टोकाला जमीन असलेल्या एका शेतकऱ्याचं. कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, चालू होतं आणि टोकाला पाणी कधी पोचेल याचा नेम नसायचा. आलं की त्याच क्षणी जाऊन धरायचं, नाहीतर वाया. नाटकाचा शेवटचा प्रवेश लागला. आई खाटेवर, मुलं भोवती. आईचं मरणापूर्वीचं मोठं भाषण, ज्यासाठी भाऊजींनी चार महिने तालीम केली होती. हे दोराजवळून क्षणभर हलले होते, पेट्रोमॅक्सला हवा भरायला. तेवढ्यात त्या शेतकऱ्याला कोणीतरी येऊन सांगितलं की पाणी आलं. तो उठला, आडोशामागे गेला, अंधारात चाचपून आपलं फावडं शोधलं, दोराची गाठ सोडली आणि फावडं उपसून घेऊन गेला.

"त्याचं फावडं, त्यानं न्येलं," भाऊजी म्हणाले. "त्याची काय चूक? मी आपला उठून बसलो, हात वर क्येला, म्हनलं, 'पोरांनो' आन् धाड! बांबू माज्या फुडं ईतभर येऊन पडला."

"लोक हसले असतील."

"हसत्यात कशाला? रडली! लोकांना वाटलं आई म्येली. 'येका शब्दात ग्येली रं,' म्हनायला लागली. बाया हुंदके देत घरी ग्येल्या. सरपंचानं मला फेटा बांदला. त्या वरसापासनं मी गावात लई मोटा नट! माजं भाशन कुनी आयकलंच न्हाई, म्हनून मोटा."

"खरं हाय," त्यांची बायको म्हणाली. "मला बघाया आले तवा माज्या बानं हेच ईचारलं, येका शब्दात मरतो त्यो ह्योच का?"

आम्ही तिघंही हसलो. यांच्या जाण्यानंतर इतकं मोकळं मी प्रथमच हसत होते, आणि हसताना थांबावंसं वाटलं नाही.

भाऊजींनी हसून ओले झालेले डोळे पुसले. "गावानं वाहवा क्येली, पर ह्यो दुसऱ्या दिशी सकाळी आला. म्हनला, तुजं भाशन माज्यामुळं ऱ्हायलं. आता म्हन. मी म्हनलं, जाऊ दे की लेका, फेटा मिळाला. तर ऐकंना. मला कालव्याच्या बांदावर न्येलं, स्वता फुडं मांडी घालून बसला अन् समदं आयकलं. पार शेवटच्या शब्दापस्तोर."

"आणि फावडं?"

"फुडच्या वरसाच्या नाटकाआधी लोहाराकडनं नवं करून घेतलं, सोताच्या मजुरीचं. तुमच्याकडं हाय त्येच. दुसऱ्याचं आवजार पडद्याला लावायचं न्हाई, ह्यो त्याचा नेम. पडदा वर जायच्या टायमाला पात्यावर पाय दाबायचा, दांडा हलवून बघायचा आन् आडोशातनं आमाला वरडून सांगायचा, 'फावडं आपलं हाय. बोला निवांत!' आमाला बी बरं वाटायचं. मग फुडं नगरला ग्येला, तुमच्या त्या हॉलमधी वरडलं तर लोकं हसत्यान, म्हनून हळू म्हनायला लागला आसंल."

मी वही काढली होती. ती तशीच मांडीवर राहिली. हॉलमध्ये फरशी, कप्प्यांवरून सरकणारा पडदा. दोर फावड्याला बांधायचं कारणच नाही. तरी पस्तीस वर्षं पात्यावर पाय दाबायचा, कारण पात्यावर पाय दाबल्याशिवाय फावडं जमिनीत जात नाही. मी त्याला विजयाची खूण म्हटलं होतं. नटांनी नमस्कार कधी सुरू केला कोण जाणे. यांनी कधी सांगितलेला नसणार. कोणीतरी एकाने केला असेल आणि दुसऱ्याला वाटलं असेल की करायचा असतो. बऱ्याच प्रथा अशाच सुरू होत असतील. एखादा माणूस आपलं काम करत असतो आणि पाहणाऱ्याला त्यात पूजा दिसते.

"अन् वरसाला येकदा यायचाच," भाऊजी म्हणाले. "च्या प्यायचा, आन् म्हनायचा, चल, म्हन. मग मी समदं भाशन म्हनायचो."

"म्हशीला पाठ झालंय," बायको म्हणाली. आणि मग खालच्या आवाजात, माझ्याकडे न बघता, "औंदा न्हाई म्हनले."

मी यांच्यासारखी नाही; मला आयत्या वेळी शब्द येत नाहीत, उशिरा येतात आणि ते पण कागदावर. थोड्या वेळाने म्हटलं, "भाऊजी, मला ऐकवता?"

ते उठले. सत्तरीच्या पुढचे, धोतर, पांढऱ्या मिशा. खाटेवर आडवे झाले, मग कोपरावर उठून बसले आणि हात वर केला. आवाज बाईचा काढला नाही. आई मुलांना सांगत होती की विहिरीवर भांडू नका, तिचं पाणी मी पोटातल्या लेकरासारखं राखलंय. थोरल्याने धाकट्याला आधी भरू द्यावं. सुनेला तिच्या आईकडे पाठवताना रिकाम्या हाताने पाठवू नये. साधी वाक्यं होती, गावातल्याच कोणीतरी लिहिलेली. शेवटी ती म्हणते, "आता दिवा वारा लागंल आसा ठिवू नका," आणि झोपते. दहा मिनिटं लागली असतील. मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. हे जसे बसत असतील तशीच मांडी घालून बसले होते.

निघताना त्यांनी पेरूंची पिशवी दिली. स्मरणिका परत मागावी असं मनात आलं, पण मागितली नाही.

नगरला परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी मावशीला कॅन्टीनची सुटी झाल्यावर घरी बोलावलं. सगळं सांगितलं. तिने पीठ लागलेल्या हातांनी पदर सावरत ऐकलं. मी माळ्यावरून फावडं उतरवून ठेवलं होतं, पुसलं होतं. ते तिच्यापुढे केलं.

"घे. शब्द पण मिळाले. आता उभी राहशील ना?"

तिने दांड्याला हात लावला, पण घेतलं नाही.

"बाई, तुमीच आता काय सांगितलं? दुसऱ्याचं आवजार पडद्याला लावायचं न्हाई. ह्ये मामांचं हाय. मपलं न्हाई."

तिच्याकडे, पाथर्डीच्या बाजूला, माझं म्हणायचं तर मपलं म्हणतात. दिवसभर मी फावडं तिला देण्याचंच ठरवत होते, आणि नियमाचा अर्थ तिला ऐकताक्षणी कळला होता.

"मग काय करायचं?"

"मी बघते. सांगा त्यान्ला, मावशी हुभी ऱ्हातीय."

तालमी पुन्हा सुरू झाल्या. दिग्दर्शकाने मला फोन करून चारदा आभार मानले आणि एकदा विचारलं की शब्द नेमके काय होते. सांगितल्यावर तो म्हणाला, "आम्ही नमस्कार करत होतो, मामी."

"मी तर लेख लिहिला होता," मी म्हटलं.

प्रयोगाच्या दिवशी मी नेहमीसारखी सहाव्या रांगेत बसणार होते. मावशीने निरोप पाठवला, बाईंना आत घेऊन या. उजव्या विंगेत ती यांच्या जागी उभी होती, साडी खोचलेली, वही हातात नाही. दोरापाशी खाली एका जुन्या साडीच्या घडीवर तिने एक कोयता ठेवला होता. लग्नानंतरची बारा वर्षं ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची, साखर कारखान्यांच्या गावोगाव, तेव्हाचा. मूठ तळव्याच्या घासाने गुळगुळीत झालेली.

"मावशी, धार आहे त्याला," दिग्दर्शक कुजबुजला. "कुणाचा पाय पडेल."

"त्यावर कशाला पडतोय? आन् पडला तर पडनाऱ्याला धडा हुईल." मग ती वाकली, मूठ हातात घेऊन कोयता एकदा तोलून पाहिला, परत ठेवला. आणि आतमध्ये उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कोयता मपला हाय. बोला निवांत."

कोणी नमस्काराला पुढे आलं नाही. सगळे हसले, थोडे सैल झाले. घंटा झाली.

नाटक मी प्रथमच मागून पाहिलं. समोरून जे बोलणं असतं ते मागून पाठी, काखेतले घामाचे डाग आणि वाट बघणारी माणसं असतं. मावशी सगळा वेळ ओठांतून श्वास मोजत होती. आठ प्रवेश तिने बिनचूक काढले.

नवव्यात शेवटचं बोलणं मुख्य नटीचं होतं. ती एक वाक्य बोलली आणि थांबली. थांबणं ठरलेलं होतं, पण इतकं लांब नव्हतं. प्रेक्षागृहात कोणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली, त्याच्यामागे अजून दोघांनी. समोरच्या विंगेतून दिग्दर्शक हात खाली पाडून खुणा करू लागला, पडदा, पडदा. नटी पुढचं विसरली असं त्याला वाटलं. मलाही वाटलं.

मावशीचा हात पडद्याच्या दोरावर होता. तो हलला नाही.

"पाड की," मी पुटपुटले.

"थांबा वो. आजून बोलायचीय ती."

टाळ्या विरल्या. प्रेक्षागृह गप्प झालं. नटीने मान वळवून आमच्या बाजूला पाहिलं, मावशीने तिच्याकडे बघून फक्त मान हलवली, आणि मग नटी बोलली, सगळं, सावकाश, एकही शब्द न गाळता. शेवटच्या शब्दानंतर मावशीने दोन श्वास मोजले आणि दोर ओढला. पडदा दोन्ही बाजूंनी येऊन मधोमध मिटला.

पलीकडे टाळ्या सुरू झाल्या होत्या. मावशी कोयता साडीत गुंडाळत होती.

"बाई, जरा सरका," ती म्हणाली. "खुर्च्या उचलायच्यात."